आंब्याच्या सालीत सापडलेला सूत्रकृमी नवीन आहे का, हे ठरवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीकडचा मुलगा, एमएससी झूलॉजी झालेला. घरच्या वाळत चाललेल्या हापूसच्या खोडाची थोडी साल काढून पाण्यात भिजत ठेवली तर सकाळी तळाशी बारीक पांढरे दोरे वळवळताना दिसले. मायक्रोस्कोपखाली सूत्रकृमी (नेमाटोड) आहेत एवढं कळलं, पण मातीतल्या नेहमीच्या सूत्रकृमींसारखे वाटले नाहीत. "ही नवीन प्रजाती असू शकते का, आणि असली तर नाव कसं द्यायचं?"

असू शकते, नाही कशाला म्हणू. आजवर नाव मिळालेले सूत्रकृमी तीस हजारांच्या घरात आहेत, आणि न सापडलेल्यांचे अंदाज दहा लाखांपर्यंत जातात. २०१९ मध्ये जगभरची माती तपासून एक हिशोब छापून आला होता, त्यात जमिनीच्या फक्त वरच्या थरातले सूत्रकृमी चव्वेचाळीसवर एकोणीस शून्यं इतके निघाले, आता बोला! आणि आपल्याकडे सूत्रकृमी म्हटलं की लोकांना डाळिंबाच्या नाहीतर टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी आठवतात, झाडाच्या सालीकडे बघतो कोण. त्यामुळे तुम्ही जिथे हात घातलाय तिथे नवीन काही मिळण्याची शक्यता चांगलीच आहे. पण बावीस वर्षं हेच काम केल्यावर एक सांगतो, "हा नवीन आहे" म्हणायला पाच मिनिटं लागतात आणि "हा जुना नाही" हे दाखवायला दोन-तीन वर्षं जातात. सगळं काम त्या दुसऱ्या वाक्यातच आहे.

आधी साल म्हणजे काय ते नीट बघू, कारण बहुतेकांचा पहिला घोळ इथेच होतो. साल ही एक जागा नाहीये. बाहेरची मेलेली खडबडीत साल, तिच्यावर पावसाळ्यात शेवाळ नि दगडफूल चढतं, तिथले सूत्रकृमी वेगळे, ते उन्हाळ्यात सुकून निपचित पडतात आणि पहिल्या पावसात परत जिवंत होतात. आतली ओली जिवंत साल वेगळी. आणि साल नि लाकूड यांच्या मधे भुंग्यांनी पोखरलेली बोगदेवजा नळी असते ती तिसरी जागा, तिथे भुसा, बुरशी, ओलावा सगळं असतं, आणि माझ्या अनुभवात खरी मजा तिथेच. तुम्ही तिन्ही एकत्र भिजवलंत तर तीन गावची माणसं एकाच एसटीतून उतरल्यासारखी होतात, कोण कुठला ते कळत नाही. म्हणून पुन्हा नमुना घ्या आणि तिन्ही थर वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. पटाशीने काडेपेटीएवढा तुकडा पुरे. खोडाभोवती गोल साल काढू नका, झाड मरेल आणि घरचे तुम्हाला मारतील, जखमेवर बोर्डो पेस्ट लावून टाका. पिशवीत चिठ्ठी पेन्सिलनेच लिहिलेली टाका, पेनाची शाई ओल्यात पसरते. तारीख, झाड, जमिनीपासून उंची, कुठला थर आणि जीपीएस. आणि पिशवी उन्हातल्या गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, परत येईपर्यंत सगळे शिजलेले असतात.

काढायची पद्धत जुनीच, बेअरमन फनेल. गुस्ताव बेअरमन नावाच्या डॉक्टरने १९१७ साली जावामध्ये काम करताना ही युक्ती लिहून ठेवली, शंभर वर्षं झाली पण याच्याहून स्वस्त नि सोपं काही निघालेलं नाही. काचेचं नरसाळं, खाली रबरी नळी, नळीला चिमटा, वर जाळीवर टिश्यू पेपर, त्यावर काडीसारखे बारीक चिरलेले सालीचे तुकडे, आणि पाणी एवढंच की ते तुकड्यांना खालून लागेल. सूत्रकृमी वळवळतात पण पोहून वर जाऊ शकत नाहीत, त्यामुळे एकदा टिश्यूतून निसटले की थेट नळीत. चोवीस तासांनी चिमटा सैल करून खालचं दहा-पंधरा मिली पाणी काढून घ्यायचं.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मला ऐनाच्या सालीतून एक विचित्र सूत्रकृमी मिळाला, जाड स्टायलेटचा (म्हणजे तोंडातल्या सुईचा), सालीत असा असणं शक्यच नाही असा, आणि मी चार महिने त्याच्यामागे लागलो, चित्रं काढली, मोजमापं घेतली, सरांना दाखवायला फाईलसुद्धा बनवली. शेवटी लक्षात आलं की तो मातीतला होता, आदल्या आठवड्यात त्याच फनेलवर उसाच्या मुळाजवळची माती लावलेली आणि रबरी नळी नीट धुतलेली नव्हती, दोन-चार तिथेच चिकटून राहिलेले. तेव्हापासून सालीच्या कामाच्या नळ्या वेगळ्या ठेवतो, त्यांना लाल धागा बांधलेला असतो, आणि प्रत्येक वेळी एक फनेल नुसत्या पाण्याचं, सालीशिवाय. त्यात काही निघालं तर त्या दिवसाचं सगळं फेकून द्यायचं.

आता उचलणं. यांची लांबी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर, जाडी केसाहून कमी. यासाठी महागडं काही लागत नाही, बांबूची काडी तासून घ्या नाहीतर टूथपिकच्या टोकाला पापणीचा केस चिकटवा, मी आजही पापणीचाच वापरतो. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली सूत्रकृमीच्या पोटाखाली केस घालायचा आणि हलक्या हाताने वर उचलायचं, पाण्याच्या पृष्ठभागाशी आला की तो केसाला गुंडाळतो. पहिल्या आठवड्यात दहातले नऊ निसटतील, हरकत नाही.

उचलल्यावर लगेच मारू नका, आधी जिवंत बघा. तोंडात सुई आहे का? नसेल आणि तोंड नळीसारखं असेल तर बहुतेक बॅक्टेरिया खाणारा. सुई असेल तर तिच्या मागे घशात गोल फुगा दिसतो तो बघा. तो फुगा मोठा, जवळजवळ शरीराच्या रुंदीएवढा, काठोकाठ भरलेला दिसला तर तुम्ही ॲफेलेंकस मंडळींच्या घरात आहात, आणि सालीत सुईवाले भेटतात त्यातले बरेचसे याच घरातले असतात. त्यात लायमाफेलेंकस नावाचा एक वंश आहे, तो मला फार आवडतो, खोडावरच्या सालीत नि शेवाळात नेहमी सापडतो. त्याची शेपटी शंभर पटीच्या लेन्सखाली तेल टाकून बघा, टोकाला देठासारखा भाग आणि त्याच्या टोकावर बारीक गाठी, त्या गाठींनाही बोटांसारखे फाटे, असं वाटतं की शेपटीला पंजा फुटलाय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लेन्सवर घाण आहे समजून दोनदा पुसली होती!

दुसरा वंश म्हणजे बर्साफेलेंकस, आणि तुमचं झाड वाळतंय म्हणालात म्हणून याच्याबद्दल जरा जास्त लिहितो. यात शंभराच्या वर प्रजाती आहेत, बहुतेक बुरशी खाऊन राहणाऱ्या निरुपद्रवी. पण त्या झाडावरून झाडावर स्वतः जात नाहीत, भुंग्यांवर बसून जातात. खायचं संपलं, जागा सुकायला लागली की पिल्लं एका वेगळ्या अवस्थेत जातात, तिला डावर म्हणतात, तोंड बंद, अंगावर जाड आवरण, आणि ती भुंग्याच्या पंखाखाली नाहीतर श्वासनळ्यांत शिरून बसतात. म्हणजे सालीतला सूत्रकृमी ओळखायचा तर त्याची गाडी कुठली हेही बघावं लागतं. तुमच्या आंब्याला भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागलंय का? खोडाच्या बुडाशी भुसा पडतो का? पडत असेल तर अळी, कोष, भुंगा जे मिळेल ते पकडा, एकेक वेगळ्या डबीत ठेवा, ओल्या ॲगरवर (जेलीसारख्या थरावर) भुंगा उघडून ठेवा आणि दोन-तीन दिवस बघा काय बाहेर येतं. भुंग्यातला आणि सालीतला एकच निघाला तर तुमच्या हातात नुसती प्रजाती नाही, तिची सगळी गोष्ट आहे. नारळाच्या सोंड्या भुंग्यातून असंच करून आपल्याच देशात १९८० साली एक नवीन प्रजाती नोंदवली गेली, प्रेकोसिलेंकस फेरुजिनोफोरस. जपानमध्ये एका ठिपकेवाल्या शिंगाळ्या भुंग्यातून, अंजीर-तुतीवर जगणाऱ्या, २००० साली बर्साफेलेंकस कोनिकॉडेटस मिळाला.

एक सांगून ठेवतो, सूत्रकृमी सापडले म्हणून झाड त्यांनीच वाळवलं असं लगेच समजू नका. मेलेल्या सालीत ते नंतर जेवायला आलेले असतात, जास्त करून तेच असतं.

जपानचाच एक किस्सा मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. तिकडे नागासाकीच्या भागात १९०५ च्या सुमारास पाइनची झाडं पटापट वाळायला लागली, आणि पुढची साठेक वर्षं सगळ्यांचा संशय भुंग्यांवर. मग कियोहारा आणि तोकुशिगे यांनी मेलेल्या झाडांतले सूत्रकृमी वाढवून धडधाकट झाडांत सोडले, झाडं मेली, ते काम १९७१ मध्ये छापून आलं. १९७२ मध्ये ममिया आणि कियोहारांनी त्या सूत्रकृमीला नवीन प्रजाती म्हणून नाव दिलं, बर्साफेलेंकस लिग्निकोलस. आणि १९८१ मध्ये कळलं की हा नवीन नाहीच! अमेरिकेत लुइझियानातल्या लाकडातून स्टायनर आणि बुहरर यांनी १९३४ मध्येच याचं वर्णन केलेलं होतं, दुसऱ्या वंशात टाकून, ॲफेलेंकॉइडिस झायलोफिलस म्हणून. त्याला निकलने १९७० मध्ये बर्साफेलेंकसमध्ये हलवलं. जुनं नाव आधीचं, म्हणून लिग्निकोलस बाद.

यात कुणाची नाचक्की वगैरे नाही, उलट खरी बातमी तीच होती. हा सूत्रकृमी जपानचा नव्हे, अमेरिकेतून आलेला, म्हणूनच अमेरिकेतले पाइन त्याला सहन करतात आणि जपानचे धडाधड मरतात, हे नाव एक झाल्यावरच नीट जुळलं. पुढे तो चीनमध्ये १९८२ ला आणि पोर्तुगालमध्ये १९९९ ला सापडला. न्हावाशेवाला कधी गेलात तर लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि एचटी असा शिक्का दिसेल, म्हणजे ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलंय. २००२ सालच्या त्या आंतरराष्ट्रीय नियमामागे जी कारणं होती त्यातलं एक ठळक कारण हा मिलिमीटरभर लांबीचा प्राणी. म्हणून मी म्हणतो, तुमचा सूत्रकृमी जुना निघाला तर तोंड पाडून बसू नका, तो इथे कसा आला हा प्रश्न कधीकधी नवीन नावापेक्षा मोठा असतो.

त्याच जपानमध्ये एक स्थानिक जुळा भाऊ होता, बर्साफेलेंकस म्यूक्रोनेटस, १९७९ चा. दोघांत फरक काय, तर मादीची शेपटी. झायलोफिलसची गोल, म्यूक्रोनेटसच्या टोकाला बारीकसा काटा. सोपं वाटलं ना? पण उत्तर अमेरिकेत झायलोफिलसचेच काही गट असे मिळाले की त्यांनाही छोटा काटा आहे. एका खुणेवर कधीच विसंबू नका.

मोजमापाचं सांगतो. जिवंत बघून झालं की साधारण ६०-६५ अंशांच्या गरम पाण्याने मारायचं म्हणजे शरीर नैसर्गिक आकारात थिजतं, कुणी सरळ, कुणी कंसासारखं, नराची शेपटी आकड्यासारखी. मग फॉर्मॅलिनवाल्या द्रावणात, मग हळूहळू अल्कोहोलमधून ग्लिसरीनमध्ये, आणि मेणाच्या रिंगणात स्लाइड. ग्लिसरीनची घाई केली तर सूत्रकृमी चपटा होतो आणि त्याची रुंदी खोटी येते. सगळे फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, त्याने डीएनए खराब होतो, काही जिवंत किंवा डेस नावाच्या खारट द्रावणात ठेवा, त्यात आकार आणि डीएनए दोन्ही टिकतात. निदान वीस माद्या आणि वीस नर मोजा. द मान नावाच्या डच माणसाने एकोणिसाव्या शतकात ठरवलेली गुणोत्तरं आजही चालतात, लांबी भागिले रुंदी, लांबी भागिले घशाची लांबी, लांबी भागिले शेपटी, आणि मादीचं जननछिद्र डोक्यापासून किती टक्क्यांवर. शिवाय अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषा किती, नराच्या स्पिक्यूलचा (मिलनाच्या काट्याचा) आकार, शेपटीवरच्या पॅपिला (बारीक उंचवटे) किती नि कुठे, मादीच्या छिद्रावर झडप आहे का. आणि चित्र हाताने काढा. फोटो काढाच, पण चित्र काढताना तुम्ही प्रत्येक रेषेपाशी थांबता आणि "हे खरंच असं आहे का" असं स्वतःला विचारता, फोटोत ते होत नाही. अजून एक, बुरशीवर वाढवलेले सूत्रकृमी खाऊन-पिऊन लांबरुंद होतात, त्यामुळे सालीतून थेट आलेले आणि प्लेटवर वाढवलेले वेगवेगळे मोजा. बर्साफेलेंकस बहुतेकदा बोट्रायटिस बुरशीवर छान वाढतो, प्लेट हातभर लांबून बघितली तरी कडेला पांढरी जाळी चढलेली दिसते.

डीएनएबद्दल आजकाल मुलांचा समज असा की सिक्वेन्स केला, ब्लास्टला (सिक्वेन्स जुळवून बघणाऱ्या प्रोग्रामला) टाकला, ९४ टक्के जुळलं, म्हणजे नवीन. नाही हो. ब्लास्ट एवढंच सांगतो की ज्यांचे सिक्वेन्स कुणीतरी टाकलेत त्यातला जवळचा कोण. जुन्या वर्णनांपैकी बऱ्याच प्रजातींचा एकही सिक्वेन्स कुठे नाही, आपल्याकडच्या तर कितीतरी, आणि जे टाकलेत त्यातही चुकीच्या नावाने टाकलेले असतात. म्हणून २८एसचा डी२-डी३ भाग, १८एस आणि जमलं तर सीओआय असे डीएनएचे दोन-तीन तुकडे सिक्वेन्स करा, आणि ज्या सूत्रकृमीचा डीएनए काढणार त्याचा आधी फोटो-व्हिडिओ घ्या, कारण एकदा प्रोटिनेज के या एन्झाइममध्ये विरघळला की तो गेला. मग त्या वंशातल्या सगळ्या प्रजातींची मूळ वर्णनं जमवून वाचायची, जर्मन असली तरी, रशियन असली तरी. सालीतल्या सूत्रकृमींचं पायाभूत काम फुक्स नि रूम यांचं, दोघंही जर्मनमध्ये लिहिणारे. कंटाळवाणं आहे पण याला शॉर्टकट नाही.

आणि दिसणं नि डीएनए यांची भांडणं होतात तेव्हा काय? प्रयोगशाळेतला प्रसिद्ध सूत्रकृमी सी. एलेगन्स घ्या. त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक २०१८ मध्ये नाव देऊन जाहीर झाला, तो मिळाला ओकिनावाच्या इशिगाकी बेटावर, वड-उंबराच्या कुळातल्या एका झाडाच्या फळात. लांबीला जवळजवळ दुप्पट, दिसायला इतका वेगळा की नुसत्या मोजमापावर कुणी त्याला सख्खा भाऊ म्हटलंच नसतं, नावही ठेवलं इनोपिनाटा, म्हणजे अनपेक्षित. आपण उंबराचं फूल कधी दिसत नाही म्हणतो, ते फळाच्या आतच असतं, आणि तिथे सूत्रकृमीसुद्धा राहतात, वरातीसारखे चिलटाएवढ्या वॅस्पवर (गांधीलमाशीच्या जातीच्या कीटकावर) बसून आलेले. असो, विषय निघाला म्हणून. उलट बाजूही आहे, दिसायला हुबेहूब पण एकमेकांशी पिल्लं होत नाहीत अशा जोड्या. वाढवता येत असतील तर एका गटाचे नर नि दुसऱ्याच्या कोवळ्या माद्या एकत्र ठेवून बघा, आणि पहिल्या पिढीवर थांबू नका, नातवंडं होतात का ते बघा. सी. एलेगन्सच्या वंशातल्या १५ प्रजातींना २०१४ मध्ये नावं दिली ती मुख्यतः याच कसोटीवर आणि डीएनएवर.

नावाचं काम तसं शेवटचं आणि सोपं. एक नमुना होलोटाइप (ज्याच्यावर नाव टिकतं तो), बाकीचे पॅराटाइप (त्याच्या जोडीचे), ते स्वतःच्या कपाटात नाही, मान्य संग्रहात द्यायचे, कोलकात्याला झूलॉजिकल सर्व्हेकडे किंवा दिल्लीला आयएआरआय या कृषी संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय सूत्रकृमी संग्रहात. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नवीन प्रजातीची नोंद आणि नमुना जमा करणं बंधनकारकच आहे, आणि परदेशात नमुने पाठवायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी, नंतर नाही. जंगलातला नमुना असेल तर वन विभागाचं पत्र. नाव लॅटिन वळणाचं, वंशाच्या लिंगाशी जुळणारं, बर्साफेलेंकस पुल्लिंगी म्हणून कोनिकॉडेटस, कोनिकॉडेटा नाही. गावाचं नाव द्यायचं तर शेवटी एन्सिस. स्वतःचं नाव देऊ नये, नियमात सरळ बंदी नाही पण लोक हसतात. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या जर्नलमध्ये छापणार असाल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी, २०१२ पासून तो नियम आहे, नाहीतर नाव कायदेशीर धरलं जात नाही. आणि पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांच्या नादी लागू नका, एकदा वाईट वर्णन छापलं की पुढच्या तीन पिढ्या ते निस्तरत बसतात.

तुम्ही आत्ता काय करायचं ते सांगतो. पाण्यात पडलेले जे आहेत ते दोन-तीन दिवसांत मरतील, त्यातले निम्मे आजच गरम पाण्याने मारून फॉर्मॅलिनमध्ये, बाकीचे पीडीए (बटाट्याचं ॲगर) प्लेटवर सालीच्या तुकड्यासकट. नर मिळालेत का ते आधी बघा, नुसत्या माद्यांवर यातल्या बहुतेक वंशांत पुढे जाता येत नाही. आणि भिजवून झालेली साल फेकू नका. पिशवीत ओलसर ठेवा, तोंड थोडं उघडं, सावलीत, आठ-दहा दिवसांनी पुन्हा फनेल लावा. पहिल्या वेळी डावर म्हणून गप्प बसलेले दुसऱ्या वेळी मोठे होऊन बाहेर येतात, आणि बऱ्याचदा नर त्याच खेपेला मिळतात.